माझं वाफं येगळं

आमी कांद्याच्या लागणीला टोळीनं जातो. रान एकरी पैसं ठरवून उक्तं घ्यायचं आन् मिळंल ते समद्यांनी सारखं वाटून घ्यायचं. म्हातारी असू द्या न्हाईतर तरणी, वाटा एकच. जिचा वाफा मागं ऱ्हाईल तिला शेजारणीनं हात द्यायचा. म्हंजी दुसऱ्या टोकानं रोप लावत यायचं. बोलून दाखवायचं न्हाई, नुसतं यायचं. गुडघं गेल्यापासनं माझा वाफा रोजच मागं ऱ्हायाचा. माझी धाकटी जाऊ टोळीची म्होरकी, पर ती कवा बोलली न्हाई.

घरात मी आन् नात. तिची आई आजारानं गेली. बाप, म्हंजी माझा ल्योक, रांजणगावच्या कंपनीतनं रातपाळी करून येताना गाडी घसरून गेला. आईबाप नसलेल्या लेकरांला सरकार म्हैन्याला काय देतं, ते शाळंतल्या बाईंनी नातीला लावून दिलं. म्या कुणाला सांगितलं न्हाई. सारा जलम रोजगारानं खाल्लेला, सांगायची लाज वाटायची.

गेल्या लागणीला ते पैसं देणाऱ्या हापिसातल्या मॅडम चौकशीला आल्या. घराला कुलूप बघून नीट रानातच आल्या. बांधावरनं मोठ्यानं म्हनल्या, "आजी, नातीचे पैसे वेळेवर येतात ना?"

चिखलाचं हात घिऊन मी उठले. "येत्यात बाई."

"मग या वयात कामाला कशाला येता? आराम करा की!"

त्या मायेनंच बोलल्या. पर समद्या टोळीनं माना वर केल्या.

मॅडम गेल्यावर एक तरणी पोरगी म्हनली, "अगं बया, मावशी तर पगारदार निघाल्या!"

"आन् आपुन त्यांचं वाफं लावतोय," दुसरी म्हनली.

समद्या हसल्या. मी बी हसले. त्या दिवशी माझा वाफा मागं ऱ्हायला तवा कुणी आलं न्हाई. बाया बांधावर भाकरी सोडून बसल्या, आन् मी त्यांच्याकडं पाठ करून एकटी रोप खुपसत व्हते.

सांजंला जाऊ म्हनली, "बाई, राग धरू नगा. ह्यांच्या बी घरात पोरं हायती, त्यांला कोण देतं? तुमी आता घरी बसा."

"ते पोरीचं हाय, माझं न्हवं."

"व्हय, पर चूल तर एकच हाय न्हवं?"

ती खोटं बोलत न्हवती. माझं अर्धं वाफं ह्याच बायांनी लावलं, आन् वाटा म्या पुरा घेतला.

सकाळी चुलीपाशी बसूनच ऱ्हायले. नात दप्तर घिऊन दारात थांबली. नळावर तिच्या कानावर आलं असंल.

"आजी, माझ्या पैशामुळं तुला काढलं का?"

"कुणी काढलं न्हाई. तू जा शाळंला."

पर ती हालंना. मग उठले, भाकरी बांधली, आन् तिच्या संगंच बाहीर पडले. फाट्यावर बाया पिकअपमधी चढत व्हत्या.

म्या जावंला म्हनलं, "माझं वाफं येगळं धरा. मी लावीन तेवढंच मला द्या. हात द्यायला कुणी येऊ नगा."

"आपल्या टोळीत असं कवा झालंय का? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"आन् घरी बसवल्यावर घालनार न्हाईत व्हय?"

ती वळून पिकअपमधी चढली. मागनं कुणी तरी म्हनलं, "चढा मावशी, जागा हाय."

त्या दिवशी बांधाकडचा वाफा घेतला. जेवणाच्या वक्ताला टोळीचं सकाळचं वाफं लावून झालं, माझा अर्धा बी न्हवता. तवा ती हसलेली पोरगी रोपाची जुडी घिऊन आली आन् न बोलता दुसऱ्या टोकाला बसली.

"नगं गं," म्या म्हनलं.

"मावशी, गंमतीनं बोलले व्हते मी."

"ठावं हाय. तरी नगं."

तिच्याकडं बघायचा मला धीर झाला न्हाई. मग तिनं जुडी वाफ्याच्या पाण्यात ठिवली आन् भाकरी खायाला गेली. सांजंपत्तुर सरकत सरकत त्या टोकाला गेले, तवा ती जुडी बी मीच लावली.