स्वस्तातला प्रोसेसर निवडताना

२००६ साली मी हिंजवडीजवळच्या माण गावात एका शेतकरी घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. घरमालकांना मी काका म्हणायचो. त्यांच्या सुनेला, म्हणजे वहिनींना, गावातल्या पतसंस्थेत कारकून व्हायचं होतं. जागा एकच, आणि दीड महिन्यावर संगणकावर टायपिंगची परीक्षा. सरावाला घरात संगणक नव्हता. मी आयटी कंपनीत कामाला, म्हणून काकांनी तो निवडायचं काम माझ्यावर सोपवलं.

तुलना करत बसणं ही माझी जुनी खोड. स्वस्तातले तीन प्रोसेसर मी तक्त्यात मांडले: वेग किती, तापतो किती, वीज किती खातो. एक वेगवान, पण त्याचा मदरबोर्ड महाग. दुसरा स्वस्त, पण दोन वर्षांत मागे पडणार. दर शनिवारी पुण्यातून नवं दरपत्रक आणायचं आणि तक्ता पुन्हा मांडायचा. काका रविवारी विचारायचे, "झालं का ठरवून?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात भाव उतरतील. वहिनी तोवर पुठ्ठ्यावर अक्षरं काढून त्यांच्यावर बोटं आपटत होत्या. टायपिंगला कुठलाही प्रोसेसर चालतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यात माझ्याच खाटेखाली माझा जुना संगणक पडून होता. प्रोसेसर मागच्या पिढीचा, पण धडधाकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं चाललं होतं. पण आयटी पार्कला गेलेल्या जमिनीचे पैसे आलेलं घर, दारात नवी कोरी गाडी. त्यांना वापरलेली वस्तू कशी द्यायची? त्यांना कमीपणा वाटेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा खाटेखालच्या संगणकाचं ओशाळून सांगितलं. काका भडकलेच.

"मग इतके दिस काय करत व्हता? आमी जल्मात कवा कोरा गोऱ्हा घेतला न्हाई. औताला शिकवलेला बैलच बघून आणायचो. नव्याला शिकवंस्तवर पेरणी निघून जाती."

तासाभरात मी पंख्यातली धूळ झाडून संगणक पडवीत मांडला. वहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं आणि लगेच टायपिंगला बसल्या. ते आठ दिवस भाकऱ्या सासूबाईंनी थापल्या.

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. वहिनी अगदी थोडक्यात मागे पडल्या. चार दिवसांनी नळावर पाणी भरताना त्यांनी सहज विचारलं, "भावजी, आठ दिसांत माझा येवढा हात बसला. दीड म्हयना मिळाला असता तर लागला असता का वो नंबर?"

"लागला असता," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि हंडा उचलून आत गेल्या.