गुरुवारी आमेन म्हणायला येणारे पाळकसाहेब

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी साडेनऊला सेलूच्या आमच्या मंदिरात उपासना झाली. ऊन होते, वारा नव्हता. पाळक रेव्ह. शांतवन आढाव यांनी संदेश दिला. नंतर चष्मा लावून, वही उघडून आजाऱ्यांची नावे वाचली आणि त्यांच्यासाठी प्रार्थना केली. शेवटी मंडळीचे सेक्रेटरी रूबेनराव यांनी जाहीर केले, की पाळकसाहेब मंगळवारच्या गाडीने हृदयाच्या ऑपरेशनसाठी जाणार आहेत आणि त्यांच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम ते परत आल्यावर होईल. बाहेर चपला घालताना रूबेनरावांनी मला गाठले.

“भाऊ, गौरव अंकाला सगळ्यांचे लेख आले. तुमचाच राहायलाय. उद्या छपाईला द्यायचंय.”

“मला लिहिता येत नाही.”

“मग येलदरीच्या वीजघरात एवढी वर्षं रजिस्टर कुणी भरलं? तसंच लिहा. आधी तारीख, मग काय झालं ते. शेवटी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा. बस.”

म्हणून तसेच लिहीत आहे. दुपारचे तीन वाजले आहेत. चहा करून शेजारी ठेवला आहे.

पाळकसाहेबांची माझी पहिली भेट येलदरीच्या वसाहतीत झाली. मी धरणावरच्या वीजघरात ऑपरेटर होतो. वसाहतीत ख्रिस्ती घरे चारच. पाळकसाहेब नुकतेच सेलूला बदलून आले होते आणि महिन्यातून एकदा मोपेडवरून जिंतूरमार्गे आमच्याकडे येत. त्याआधी आमची महिन्याची प्रार्थनासभा नेहमी संध्याकाळी सातला व्हायची. माझी बहुधा दुसरी पाळी असायची, त्यामुळे सभा आमच्या घरी असली तरी मी नसायचो. माझी पत्नी सुमन हिला त्यापूर्वी अनेकांनी विचारले होते, की तुमचे मालक प्रार्थनेला का येत नाहीत? पाळकसाहेबांनी तसे विचारले नाही. त्यांनी पाळ्यांचा तक्ता मागितला आणि तो आपल्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला.

त्यानंतर सभेची वेळ आमच्या पाळ्या पाहून ठरू लागली. एकदा ती भर दुपारी दोनला आली. वसाहतीतले एक वडीलधारे गृहस्थ कुरकुरले, “पाळकसाहेब, दोन वाजता कुणी प्रार्थना करतं का? पेंग येते.”

“येऊ द्या,” पाळकसाहेब म्हणाले. “आजवर तुमी जागे होता आणि हा माणूस घरात नव्हता. आज सगळे मिळून पेंगू.”

त्या सभेला मी होतो. पेंगलोही.

शास्त्राचा अभ्यास ते कसा करतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. रविवारी ज्या भागावर बोलायचे, तो भाग ते शुक्रवारी कुणा ना कुणाला गोष्टीसारखा सांगून पाहतात. तो माणूस मंडळीतलाच असावा असे नाही आणि शिकलेला तर नसलेलाच बरा, असे त्यांचे मत आहे. एकदा शंभर मेंढरांची गोष्ट होती. एक हरवते आणि मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्याच्या शोधात जातो. पाळकसाहेबांनी ती धरणाच्या कडेला मेंढरे घेऊन बसलेल्या एका धनगर बाबांना सांगितली. मी बरोबर होतो. बाबांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारले, “नव्याण्णव कुणाच्या भरोशावर टाकली त्यानं?”

“ते लिहिलेलं नाही, बाबा.”

“कुत्रं तरी ठिवलं का तिथं?”

“तेही लिहिलेलं नाही.”

“मंग त्यो मेंढपाळ कच्चा हाय.” बाबा हसले. मग जरा वेळाने म्हणाले, “पर जावं तर लागतंयच. आमी बी जातो. उन्हाच्या टायमाला जावं. तवा बाकीची हालत न्हाईत. एकमेकाच्या पोटाखाली मुंडकं घालून उबी राहतेत. रानात झाड नसलं की सावली तेवढीच.”

त्या रविवारी पाळकसाहेबांनी हरवलेल्या मेंढराबद्दल फारच थोडे सांगितले. ते त्या नव्याण्णवांबद्दल बोलले. मेंढपाळ एकाच्या मागे जातो तेव्हा मागे राहिलेल्यांनी काय करायचे? तर ऊन चढले की एकमेकांच्या सावलीत डोके घालून उभे राहायचे. यालाच मंडळी म्हणतात, असे ते म्हणाले. हे आपल्याला कुणी शिकवले तेही त्यांनी व्यासपीठावरून सांगितले. बाबांना ‘गुरुजी’ म्हणाले. मी पुष्कळ संदेश ऐकले आणि बहुतेक विसरलो. हा लक्षात आहे.

आता वहीबद्दल. आजाऱ्यांच्या वहीत आपले नाव आपण लिहायचे नाही, दुसऱ्या कुणी तरी आणून द्यायचे, ही आमच्या मंडळीची जुनी रीत आहे. पूर्वी पाळकसाहेब ही वही मंदिरात उघडतच नसत. सगळी नावे त्यांना पाठ असायची. डोळे मिटून, कोण कोणत्या दुखण्याने आजारी आहे हे न चुकता सांगून ते प्रार्थना करत. त्याचा आपल्याला थोडा अभिमान होता, असे ते स्वतःच सांगतात.

मी निवृत्त होऊन आम्ही सेलूला राहायला आलो आणि पुढे सुमन आजारी पडली. चौदा महिने तिचे नाव त्या वहीत होते. तिसरे. एका बुधवारी ती गेली. गुरुवारी पाळकसाहेबांनीच तिला माती दिली. रविवारी मी मंदिरात जाऊन नेहमीच्या बाकावर बसलो. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. पहिले नाव घेतले, दुसरे घेतले आणि म्हणाले, “सुमनबाई. प्रभू, त्यांना बरं कर. त्यांना घरात हिंडतं-फिरतं कर.”

मग ते थांबले. मी उठून बाहेर आलो.

हे गौरव अंकात लिहावे का, असे मी आज फाटकाशी पाळकसाहेबांना विचारले. ते म्हणाले, “ते गाळलं तर बाकीचं कशाला लिहिता?”

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी आले. दारातच उभे राहून म्हणाले, “भाऊ, चूक माझी आहे. तोंडाला सवय झाली होती आणि मी त्या सवयीलाच प्रार्थना समजत होतो.” मी “हो” म्हणालो. त्यांना आत या म्हणालो नाही. ते गेले. पुढच्या रविवारी त्यांनी हेच शब्द मंडळीसमोर उभे राहून सांगितले, असे मला रूबेनरावांकडून कळले. मी मंदिरात जात नव्हतो. त्या दिवसापासून ते वही उघडतात, चष्मा लावतात, एका नावावर बोट ठेवतात, थांबतात आणि मगच दुसरे घेतात. उपासना त्यामुळे थोडी लांबते. आपली चूक पंचाहत्तरीपर्यंत दर रविवारी सगळ्यांसमोर अशी दुरुस्त करत राहणारे दुसरे कुणी मला माहीत नाही.

आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना सुमन करायची. मी फक्त आमेन म्हणायचो. लग्न झाल्यापासून तसेच होते. मला मोठ्याने बोलता येत नाही, आणि ती असताना तशी गरजही पडली नाही. ती गेल्यावर घरात प्रार्थना झालीच नाही. हे मी कुणाला सांगितले नव्हते. पाळकसाहेबांनी ते ओळखले.

महिनाभराने एका गुरुवारी संध्याकाळी ते आले. या वेळी मी त्यांना आत घेतले. खुर्चीवर बसत त्यांनी हेल्मेट मांडीवर ठेवले आणि म्हणाले, “तुमी बोला. आमेन म्हणायला मी आहे.”

मी डोळे मिटले. काही सुचले नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने पाळकसाहेब म्हणाले, “आमेन.” आणि उठले.

“मी काहीच बोललो नाही,” मी म्हणालो.

“ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं. मी नुसती खाली सही केली.”

त्यानंतरच्या रविवारी मी मंदिरात गेलो. आणि पाळकसाहेब दर गुरुवारी येत राहिले. याला दोन वर्षे झाली. पावसात आले, ताप असताना आले. प्रत्येक वेळी तेच. मी गप्प, ते आमेन, मग चहा. एकदाही त्यांनी मला बोलण्याचा आग्रह केला नाही, की त्या मेंढरांची गोष्ट परत सांगितली नाही. एकदा मीच विचारले, “पाळकसाहेब, तुम्हाला कंटाळा येत नाही का?”

“येतो की,” ते म्हणाले. “पण चहा बरा असतो.”

त्यांनी शाळा काढली नाही, मोठे मंदिर बांधले नाही. ते काम इतर पाळकांनी केले आहे आणि ते थोरच आहे. आढाव पाळकसाहेबांनी माणसांच्या वेळा पाहिल्या, अडाण्यांकडून शास्त्र शिकून घेतले आणि चुकले तेव्हा चुकलो म्हणाले. एवढ्यावर आमची मंडळी उभी आहे, आणि चांगली उभी आहे.

आज नावे वाचून झाल्यावर रूबेनरावांनी त्यांना हळूच विचारले होते, “साहेब, तुमचं नाव न्हाई का वहीत?”

“मी कसं लिहू? रीत मोडू का?” पाळकसाहेब हसून म्हणाले. “आणील कुणी तरी.”

या गुरुवारी ते येणार नाहीत.

इथपर्यंत लिहून मी पेन खाली ठेवले. शेवटी शुभेच्छा लिहायच्या होत्या. त्या मी आधी मोठ्याने म्हणालो. जशा म्हणालो तशाच उतरवतो.

“प्रभू, शांतवन आढाव. मंगळवारी गाडी आहे. त्यांना नीट ने, नीट आण. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. त्यांना खूप वर्षं दे. पाळकीणबाईंनाही दे. छातीत बळ दे, मोपेड चालवता येईल एवढं. एवढंच.”

आमेन म्हणायला घरात दुसरे कुणी नव्हते. थोडा वेळ थांबलो. मग तेही मीच म्हणालो.

चहा गार झाला होता. तो पातेल्यात ओतून परत गॅसवर ठेवला.