सातव्या पानावरचा दाखला

धाकट्या, निवृत्त झालास तरी लोक अजून तुला कलमदादाच म्हणतात आणि तुला तो गौरव वाटतो, म्हणून हे एकदा लिहूनच टाकते. गोष्ट मात्र तिऱ्हाइताची असल्यासारखी सांगणार. तुला समोर बसवलं की तू माझ्या प्रत्येक वाक्याला पोटकलम जोडतोस.

तर कलमदादा विद्यापीठाच्या लेखा विभागात, झेरॉक्स मशीन आणि पाण्याचं पिंप यांच्या मधल्या टेबलावर एकतीस वर्षं बसला. काम एकच: परदेशातून येणाऱ्या संशोधकांना करमाफी मिळवून द्यायची. दोन देशांनी आपसांत ठरवलेलं असतं, की पाहुण्या संशोधकाच्या मानधनावर इथे कर घ्यायचा नाही. पण ठरल्या मुदतीपुरताच. एक दिवस जास्त राहिलात, की पहिल्या दिवसापासूनचा कर वसूल. असे कितीतरी करार कलमदादाला तोंडपाठ होते. लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारावी लागे. येईल त्याला तो बजावायचा, की पासपोर्ट राहू द्या, इथे येण्याआधी कर कुठे भरत होता ते सांगा. करार त्या देशाचा लागतो.

एकदा मुंग्यांची बाई आली. आमच्या कलमदादाच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या अकरा पेट्यांत तिने मुंग्या पाळल्या आणि त्यांना पंख कधी फुटतात याची दोन वर्षं वाट पाहिली. आता नऊ दिवसांत फुटतील असं तिचं गणित सांगत होतं. कलमदादाचं गणित सांगत होतं, की उद्या, मंगळवारी, दोन वर्षं भरतात आणि बाईंनी विमानात बसावं.

"नऊच दिवस हो, दादा. याचसाठी तर थांबलेय."

"मॅडम, मुंग्यांना कायदा कळत नाही."

"आणि तुम्हाला मुंग्या कळतात?"

"नाही ना. म्हणून तर मी कर बघतो."

दोन वर्षांचा कर एकरकमी भरण्याची तिची ऐपत नव्हती. मुंग्या काही सामानात नेऊ देत नाहीत. मंगळवारी कलमदादा स्वतः तिला विमानतळावर सोडून आला, ती आत जाईपर्यंत दारात उभा राहिला आणि घरी येऊन म्हणाला, बाईचा दोन वर्षांचा कर वाचवला. बायकोने विचारलं, आणि दोन वर्षांचं काम? त्याने आणखी एक पोळी वाढून घेतली.

आठव्या दिवशी मुंग्यांना पंख फुटले. बाईने जाताना पेट्यांची झाकणं सैल करून ठेवली होती, त्यामुळे सगळी वरात जिना उतरून लेखा विभागात आली आणि कलमदादाच्या ट्यूबलाइटभोवती फिरू लागली. बिचाऱ्याने मोजायचा प्रयत्न केला. त्रेचाळीसपर्यंत पोचला, तोवर पहिल्या वीस पिंपात पडल्या होत्या.

मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं म्हणतात. इथे ओढवलं कलमदादाचं. त्याच दुपारी बाईची फाइल बंद करायची म्हणून तो पानांना आकडे घालत बसला आणि सातव्या पानावर थबकला. तिथे दाखला होता, की बाई आधीची सहा वर्षं भलत्याच देशात कर भरत होती. त्या देशाच्या करारात मुदत तीन वर्षांची. दाखला त्यानेच टाचला होता. इतकी वर्षं जगाला शहाणपण शिकवलं आणि स्वतः पासपोर्ट बघून मोकळा झाला.

साहेबांनी खांदे उडवले. कर बुडाला नाही ना, मग चूक कसली? कलमदादाला ते पटलं नाही. त्याने बाईला क्षमेचं पत्र लिहिलं, आणि खासगी पत्राला कचेरीचं तिकीट कसं लावायचं, म्हणून पोस्टाशेजारी राहणाऱ्या ताईकडे, म्हणजे माझ्याकडे, आणून दिलं. ताई, उद्या टाक. दुसऱ्या दिवशी परत मागितलं, कलमाचा क्रमांक राहिला म्हणून. असं चार वेळा झालं.

धाकट्या, ते पाकीट अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिकीट मी केव्हाच लावून ठेवलंय. पत्त्याची जागा तेवढी कोरी आहे. पासपोर्टच्या देशात पाठवायचं की कर भरायच्या, ते विचारून सांगतो म्हणाला होतास.