बायनाबाईचे दोन ढीग

शिंपले भाजून पानाचा चुना करणारी बायनाबाई लाल नाल्याचा शिंपला भट्टीजवळही येऊ देत नसे. "मोठी आली नखरेवाली!" म्हणत गावातला रामाजी लोकांना हसवत फिरायचा.

१९८६ साली नागपूरहून आलेले प्राध्यापक तिला म्हणाले, "समुद्राच्या पाण्यात जे विरघळलेलं असतं, ते कणाकणानं शिंपल्यात उतरतं."

"मंग आमच्या नाल्यानं काय पाप केलं जी? त्याचं लोखंड शिंपल्यात उतरते, अन् चुना तांबडा होते."

सरांनी आतून खुणा केलेले नदीचे अन् नाल्याचे वीस शिंपले मिसळले. बाईनं नुसते वरून चाटून दोन ढीग केले. खुणा जुळल्या, पण रामाजी म्हणाला, "नशीब!"

सरांनी दोन्ही ढीग तपासायला नेले, अन् महिन्यानं प्रयोगशाळेचं पत्र आलं. नाल्याच्या ढिगात नदीच्या ढिगापेक्षा लोखंड चौपट निघालं होतं. सरपंचानं ते चावडीवर वाचलं.

"अजून एकदा वाचा जी," बायनाबाई पदर खोचत म्हणाली, "अन् रामाजीभाऊले समोर बसवा!"