कडी कोणी तोडली

निजामाच्या अमलाच्या शेवटच्या वर्षी, हसनाबादजवळच्या माझ्या आजोळी, निजामाविरुद्ध लढणारे, सरहद्दीपलीकडच्या छावणीतले तरुण एका पहाटे आले. त्यांनी निजामाचा जकातनाका जाळला आणि परतताना आजोबांच्या घरातली ज्वारी उचलून नेली. त्या छाप्याविषयी इतिहासकारांचे आजही एकमत नाही. एक म्हणतो, तो पराक्रम. गावाने धान्य आपल्या हातांनी दिले. दुसरा म्हणतो, ती लूट; त्याच्यापाशी पोलिसांचा पंचनामा आहे आणि त्यात दाराची कडी तोडल्याची नोंद आहे.

यंदा तिसरी मांडणी आली, माझ्या मैत्रिणीची. जुन्या जालन्यातल्या कापडवाल्याची ही लेक. आम्ही एका बाकावर शिकलो. ती इतिहासाकडे गेली, मी कवितेकडे. तिचा लेख मी वाचनालयात उभ्यानेच वाचला. त्यात माझी मावशी होती, त्या पहाटे सहा वर्षांची असलेली. आजीने त्या तरुणांना ताक-भाकरी वाढली, असे मावशीने तिला सांगितले होते. कडी तोडणाऱ्यांना कोणी भाकरी वाढते का, हा प्रश्न लेखाने उघडाच ठेवला होता.

मला तो प्रश्न दिसला नाही. दिसले ते ताक. वीस वर्षे मी मावशीला त्या पहाटेविषयी विचारत आले होते आणि माझ्या वाट्याला त्यातला एक घोटही आला नव्हता. बिब्बा उतावा तशी अंगाची आग झाली.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या ओसरीवर होते. श्रावणातल्या लाख वाती वळणे चालले होते.

"तिला बरं सांगितलंस. मला मात्र कायम 'आठवत न्हाई'."

मावशी हसली. "तू यायची, फोन म्होरं ठेवायची, अन् मी तोंड उघडायच्या आत तूच सांगायची, धूर कसा दिसला असंल, काळीज कसं हाललं असंल. मंग मी कशाला बोलू? ती पोरगी दोन दिवस वाती वळून राह्यली. बिलकुल गप."

तिने कापूस माझ्याकडे सरकवला. दुधात बोट बुडवून मी वळू लागले.

"ह्या वाती हायेत का सुंभ? तिच्या बघ, बराबर सुतासारख्या." मैत्रिणीच्या वाती तिने वेगळ्या डब्यात जपल्या होत्या. मी तेही गिळले आणि वळत राहिले. कापसाचा कोरडा, दुधाचा किंचित आंबूस वास. उन्हे कलली तरी मी बोलले नाही.

मग वर न पाहताच ती म्हणाली, "कडी कोणी तोडली न्हाई. आईनंच दार उघडलं. पोरं गेल्यावर वरवंटा आणला अन् कडी ठेचून काढली. पोलिसांनी बाबाला धरून नेऊ न्हाई म्हणून. मी तिच्या लुगड्याला धरून उभी व्हते. वरवंट्याला ओल्या मिरचीचा वास येऊन राह्यला व्हता."

"हे तिला सांगितलंस?"

"न्हाई. घरची गोष्ट हाय. ती पाव्हणी."

पाव्हणी! तो शब्द मी घरी परतताना बसमध्ये गुळाच्या खड्यासारखा चघळत होते. तेवढ्यात मैत्रिणीचाच फोन आला.

"अगं, तू मावशींकडे जातेस ना अधूनमधून? त्या कडीचं काही निघालं का? पुस्तक छापायला जातंय. तेवढ्यावर सगळं अडलंय."

बोटांवर दूध वाळून चिकटले होते.

"नाही गं," मी म्हणाले. "आठवत नाही म्हणते."