मंत्र्याची बाजू

सत्यासाठी आयुष्य पणाला लावणारी माणसं आता उरली नाहीत असं म्हणतात, पण आमच्या मुलुंडच्या इमारतीत, बरोबर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर, असे एक गृहस्थ राहतात. आयुष्य ते सायंकाळी सात ते नऊ एवढ्याच वेळात पणाला लावतात, कारण नऊनंतर सोसायटीचा हॉल कॅरमवाल्यांचा असतो.

हे काका सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, पण मोजमापाची खोड घरी घेऊन आले. काकूंचा चहासुद्धा घड्याळ लावून उकळतो. निवृत्तीनंतर त्यांनी हौशी स्पर्धेसाठी नाटक लिहिलं. त्यात धरणाची जागा धोक्याची आहे म्हणणारा एक शास्त्रज्ञ आहे, आणि ती सुरक्षित असल्याच्या कागदावर त्याची सही मागणारा मंत्री. शेवटी शास्त्रज्ञ सही नाकारतो. ती भूमिका अर्थातच काकांची. नकारापूर्वीची शांतता ते तालमीत स्टॉपवॉचवर मोजत. सहा सेकंदांनंतर प्रेक्षक खोकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अडचण एकच. समोरची बाजू लंगडी ठेवून काढलेला निष्कर्ष काकांना मंजूर नसे, त्यामुळे दर तालमीला मंत्र्याचं भाषण थोडं वाढे आणि बरंच सुधारे. मंत्री झालेला आमचा मालवणी केटरर एकदा नवा कागद वाचून म्हणाला, "काका, ह्यां वाचून माकाच सही करूशी वाटता." मंत्र्याला जरा लबाड करा, असं मी सुचवलं, तर काका दुखावले. "लबाड माणसाला नाही म्हणायला शास्त्रज्ञ कशाला हवा? ते कुणीही म्हणेल."

प्रयोग बोरिवलीला झाला. मंत्री मैलभर हंडे वाहणाऱ्या बायकांबद्दल बोलला. तुमची शंका उद्याची आहे, तहान आजची आहे, असं म्हणाला, आणि सगळं सभागृह त्याचं झालं. काका पेन धरून उभे राहिले. सहा सेकंद गेले, वीस गेले, कुणी खोकलं नाही. तिसऱ्या रांगेतल्या एक बाई न राहवून म्हणाल्या, "अहो, करा ना सही." काकांनी पेन खाली ठेवलं. पडदा पडला. टाळ्या बेताच्याच पडल्या.

आत जाऊन मी विचारलं, नकाराचं वाक्य विसरलात का? काका चेहऱ्याचा रंग पुसत होते.

"ते भाषण माझं नाही रे. आमच्या साहेबांचं आहे, आठवेल तसं लिहीत गेलो. पूल सुरक्षित असल्याचा अहवाल होता, नाटकात त्याचं धरण केलं. तेव्हा मला पटलं, मी सही केली."

"मग पुढे काही झालं?"

"काही नाही. पूल उभा आहे. वर्षातून एकदा जाऊन बघून येतो." रंगाचा बोळा टाकून म्हणाले, "आज नाही केली पण."

अभिनयाचं पहिलं पारितोषिक मंत्र्याला मिळालं. काकांनी नव्या प्रतीत त्याला आणखी दीड पान दिलं आहे.