जाऊबाईंनी दिलेला मोबाइल

राग मनात ठेवू नये म्हणतात. मी ठेवला. लोणच्यासारखा मुरवून ठेवला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

माझं सासर निरवांगीचं. द्राक्षबाग, ऊस आणि एकत्र राहणारे दोघे भाऊ. माझी नोकरी बारामतीला, एका कॉलेजच्या लायब्ररीत. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. मुलगी दीड वर्षाची झाल्यावर मी कामावर परत निघाले, तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "जा तू बिनघोर. एका पोरात दुसरं पोर वाढतंय." तेव्हा मला त्यांचे पाय धरावेसे वाटले होते.

मुलगी दिवसभर त्यांच्याजवळ. त्यांना ती मोठी आई म्हणायची, मला नुसतं आई. खायला फार छळायची, म्हणून जाऊबाईंनी घास भरवताना समोर मोबाइल लावून द्यायला सुरुवात केली. मग वेणी घालताना. मग त्या बागेत विरळणीला जायच्या तेव्हा बांधावर. बायका कात्री घेऊन घडांतले जादा मणी काढत असायच्या, आणि माझी मुलगी पोत्यावर बसून त्या चौकोनात डोळे खुपसून असायची. मी हातापाया पडून सांगितलं, "अक्का, मोबाइल नका देऊ तिला." त्या म्हणायच्या, "दिवसभर तू सांभाळून बघ, मग मला शिकव." नोकरी करणाऱ्या बाईला सकाळची एसटी गाठायची असते. गिळलं.

पण त्यांचा स्वतःचा मुलगाही त्याच घरात वाढत होता. त्याच्या हाताला लागू नये म्हणून त्या मोबाइल ज्वारीच्या कोठीत लपवायच्या. त्याला स्कॉलरशिपला बसायचं होतं, त्याचे डोळे खराब झाले असते, डोकं चाललं नसतं. तो शाळेत गेला की कोठीतला तोच मोबाइल निघायचा आणि माझ्या मुलीच्या मांडीवर यायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून मी त्या बाईला मनातून अक्का म्हटलेलं नाही.

मुलगी पहिलीत गेल्यावर शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "एक ओळ पुरी लिहीत नाही. पेन्सिलीला टोक करायला म्हणून उठते, ती परत जागेवर येतच नाही. मी बोलत असते आणि ती ऐकतेय असं वाटतं, पण ती तिथं नसतेच." बाई चांगल्या होत्या. त्यांनीच बारामतीच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. घरात कुणी मनावर घेतलं नाही.

मग ती मोटरची भानगड झाली. आमच्या नदीवरच्या मोटरला मोबाइलचा स्टार्टर आहे. लाईट आली की स्टार्टर दिरांना फोन करतो, घरी बसून बटण दाबलं की मोटर चालू. आता सगळीकडं हेच आहे. आणि पोरांना गप्प बसवायला नेमका तोच फोन हातात द्यायचा, हेही सगळीकडं आहे. त्या दुपारी दीर जेवून आडवे झाले होते. जाऊबाईंच्या मोबाइलचं चार्जिंग संपलेलं, म्हणून त्यांनी दिरांचा उचलून मुलीला दिला. स्टार्टरचा फोन यायचा, कार्टून थांबायचं, आणि मुलगी फोन कट करायची. लाईट आली तशी गेली. नुकती केलेली उसाची लागण कोरडी राहिली.

मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर मुलीच्या गालावर दिरांची बोटं उमटलेली. "ही पोरगी अर्धवटच हाय," ते म्हणाले. "हिला शाळा शिकवून उपेग न्हाय." शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर जाऊबाई म्हणाल्या, "आयचंच लक्ष न्हाय, मग पोरीचं कुठनं लागंल?"

चोराच्या उलट्या बोंबा! माझा नवरा चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिला. मी मुलीला उचललं आणि ठरवलं, हिच्यावर अर्धवटपणाचा शिक्का बसू द्यायचा नाही. आणि दुसरं ठरवलं, ह्या बाईचं उट्टं काढायचं.

भांडले नाही. भांडणात त्या मला ऐकल्या नसत्या. मी गोड झाले. म्हटलं, "अक्का, मुलीला डॉक्टरला दाखवायचंय. दिवसभर ती तुमच्यापाशी असते, तिचं सगळं तुम्हालाच ठाऊक. तुम्हीच चला." त्या फुलल्या. ठेवणीतली साडी नेसल्या, केसांना तेल लावलं. बारामतीपर्यंत एसटीत मी त्यांच्या शेजारी बसून मनातल्या मनात मांडे खात होते. शिकल्यासवरल्या डॉक्टरच्या तोंडून, माझ्या देखत, त्यांना ऐकवायचं होतं मला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, आणि जाऊबाईंनी काहीएक न लपवता सगळं सांगितलं. जेवताना लावून देतो. कामाच्या वक्ताला देतो. काढून घेतला की डोकं आपटून घेती, म्हणून परत देतो. मी एकेक वाक्य मोजूनमापून साठवत होते. त्यांचं संपल्यावर मी विचारलं, "म्हणजे हे मोबाइलमुळंच झालं ना, मॅडम?"

"तसं म्हणता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "असा लक्ष न टिकण्याचा त्रास बहुतेक वेळा जन्मापासूनचा असतो. मोबाइलमुळं तो वाढल्यासारखा दिसतो, मुलाचं रोजचं जगणं अवघड होतं. मोबाइल कमी कराच. पण अशा चंचल मुलाला एका जागी बसवायला दुसरं काही चालत नाही, म्हणून घरचे तोच पुढं करतात. कुणा एकावर बोट ठेवू नका. ती हुशार आहे. तिला शिकवायची पद्धत बदलावी लागेल."

मुलगी हुशार आहे, हे त्यांनी सांगितलं. खरं तर मी तिथंच उठून त्यांचे हात धरायला हवे होते. पण मी ते ऐकायला रजा काढून आले नव्हते. जाऊबाई सुटल्यासारखा श्वास सोडत होत्या, आणि तो श्वास मला सहन झाला नाही.

"बोट न ठेवून कसं चालेल?" मी म्हटलं. माझा आवाज बाहेर बसलेल्यांनासुद्धा गेला असेल. "ह्यांनी स्वतःच्या पोराच्या हाताला कधी लागू दिला नाही. कोठीत लपवून ठेवला. आणि माझ्या मुलीला दिला. जाणूनबुजून दिला. ह्यांनी बिघडवलं माझ्या मुलीला!"

जाऊबाईंचा चेहरा उतरला. मला फार बरं वाटलं. खोटं का सांगू?

मुलगी तोवर कोपऱ्यातलं फिरतं स्टूल गरागरा फिरवत होती. तिनं ते थांबवलं.

"आई, मी बिघडलीय?"

मी तोंड उघडलं. पण तोंडात सगळे शब्द जाऊबाईंसाठीचेच होते, तिच्यासाठी एकही निघेना. जाऊबाई खुर्चीवरून उठल्या. ठेवणीतल्या साडीनिशी फरशीवर बसल्या आणि तिला जवळ ओढलं. "न्हाय गं माझे बाय. तू लई गुणाची हायस. चूक माझी हाय. तुझी न्हाय."

हेच ऐकायला मी इतकी वर्षं टपून बसले होते. पण त्या ते तिला म्हणाल्या, मला नाही. आणि माझी मुलगी, जी कुठंच टिकत नाही, ती त्यांच्या गळ्याला मिठी मारून तशीच राहिली. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिनं माझ्याकडं वळून पाहिलं नाही.